जर्मनच्या भावात जर्मन मशीन

सुपारीला कोळेरोगासाठी बोर्डोची दुसरी फवारणी काल उरकली. आज सकाळपासून पाऊस धरून आहे, वाडीत पाय ठेवता येत नाही. म्हणून शेतीला थोडं बाजूला ठेवून बरेच दिवस मनात असलेलं लिहायला बसलोय.

आमच्या पडवीत भिंतीला सात जुने चेनसॉ टांगलेत. आमच्याकडे त्याला कटर म्हणतात. चार चालू होतात, तीन होत नाहीत. येणारा माणूस पहिलं विचारतो, "लाकूडतोडीचा धंदा सुरू केलात काय?" आणि दुसरं, "कितीला घेतले?" धंदा काही सुरू केलेला नाही. कितीला, हे सांगायला मात्र जरा मागे जावं लागतं.

३ जून २०२० ला दुपारी निसर्ग वादळ आमच्या श्रीवर्धन तालुक्यातच किनाऱ्याला लागलं. दोन-तीन तासांत पणजोबांच्या हातची आगरं आडवी झाली. माझ्या वाडीतले एकोणतीस माड गेले, पोफळी मोजल्याच नाहीत. दारातला जुना फणस असा पडला की घरातून बाहेर पडायला खिडकीतून उडी मारावी लागायची. वीज नाही, फोन नाही, रस्ते बंद. माळ्यावर आजोबांची दोघांनी ओढायची करवत होती. ती काढून, तेल लावून मी आणि मुलगा दिवसभर ओढत बसलो. संध्याकाळपर्यंत फणस निम्मा कापून झाला आणि आमचे खांदे पुरे कापून झाले. पाचव्या दिवशी महाडकडचा एक जण कटर घेऊन आला. उरलेला फणस त्याने वीस मिनिटांत मोकळा केला. पुढे पंधरा दिवस गावात दुसरा आवाजच नव्हता. त्या यंत्राने आम्हाला घराबाहेर काढलं हे खरं, पण अजून तो आवाज आला की पोटात खड्डा पडतो. असं यंत्र कुठून आलं, कोणी काढलं, याची चौकशी तेव्हापासून सुरू झाली आणि चौकशीतून हा नाद लागला.

नाद लागल्यावर माणूस जातो कुठे? मुंबईला. आमची एसटी परळला सोडते, आणि लालबागला चुलत्यांची खोली आहे. त्यांना आम्ही अण्णा म्हणतो. अण्णा गिरणीत सुतारखात्यात होते. १८ जानेवारी १९८२ ला संप सुरू झाला तेव्हा ते ऐन तिशीत. संपानंतर रे रोडकडे लाकडाच्या वखारीत लागले आणि तिथेच निवृत्त झाले. त्यामुळे लाकूड आणि जुनं लोखंड या दोन्ही बाबतींत माझा गुरू घरातलाच.

मुंबई म्हणजे इमारती, असं आपण समजतो. अण्णांबरोबर पायी फिरलात तर अख्खी मुंबई झाडांच्या नावाने भेटते. गिरगावात फणसवाडी, आंबेवाडी, केळेवाडी, मुगभाट. पुढे ताडदेव, उमरखाडी, चिंचपोकळी, वडाळा. लालबाग तर बागच. वाड्या होत्या तेव्हाची नावं राहिली आणि वाड्या गेल्या. आम्हा वाडीवाल्यांना हे जरा लागतं.

झाडं गेली, पण लाकूड येत राहिलं. समुद्रमार्गे येणाऱ्या लाकडासाठी दारूखान्याला लकडी बंदरच होतं. दारूखाना म्हणजे तोफेच्या दारूचं कोठार, पिण्याच्या दारूचा नव्हे. मुंबईच्या लाकूडकामाचा मोठा इतिहास मात्र गोदीतला. सुरतेहून १७३६ मध्ये लवजी नसरवानजी वाडिया आले, १७५० मध्ये सुकी गोदी झाली, आणि मलबारच्या सागातून इथे जी गलबतं बांधली त्यांतलं १८१७ चं 'त्रिंकोमाली' इंग्लंडमध्ये हार्टलपूलला आजही पाण्यावर उभं आहे. दोनशे वर्षांहून जास्त काळ टिकलेला साग! आणि त्याच्या फळ्या कशाने काढल्या? हाताच्या करवतीने. ओंडका उंच चढवायचा, एक माणूस वर आणि एक खाली. वरच्याने रेघ सांभाळायची, खालच्याने भुसा डोळ्यांत घ्यायचा. वखारीत अण्णांनी असे खाली बसणारे शेवटचे काही म्हातारे पाहिले होते. पुढे सॉ मिलमध्ये पट्ट्याची करवत आली आणि त्यांचं काम सुटलं.

म्हणजे वखारीतलं काम पट्ट्याच्या करवतीने नेलं. उभं झाड पाडायचं काम मात्र बराच काळ कुऱ्हाड आणि हातकरवतीकडेच राहिलं. ते कटरने नेलं.

आता कटरचा इतिहास सांगतो, पण जुन्या मशीनची किंमत ठरवायला लागतो तेवढाच. दात असलेली साखळी पहिल्यांदा लाकडासाठी निघालीच नाही, ती डॉक्टरांनी काढली. स्कॉटलंडमधले एटकिन आणि जेफ्रे या दोघांनी १७८० च्या दशकात, अडलेल्या बाळंतपणात हाड-कूर्चा कापायला, दोन्ही टोकांना मूठ असलेली हातभर साखळी वापरली. हे मी घरात वाचून दाखवलं तर बायकोने पुस्तक मिटायला लावलं.

लाकडाकडे ती आली जर्मनीत. १९२६ मध्ये आंद्रेआस श्टील यांनी विजेवर चालणारी काढली, १९२९ मध्ये पेट्रोलवर. पेट्रोलची ती ४६ किलोची, दोघांनी धरायची. भाताच्या पोत्याएवढं वजन घेऊन डोंगरात झाड पाडायचं. एका माणसाने उचलण्यासारखी मशीन दुसऱ्या महायुद्धानंतर आली: अमेरिकेत मॅकलॉकची १९४९ मध्ये साधारण साडेअकरा किलोची, आणि श्टीलची १९५० मध्ये सोळा किलोची. १९५९ मध्ये श्टीलने 'कॉन्ट्रा' काढली, बारा किलोची. त्यात मध्ये गिअर नाही, इंजिनाचा फेरा थेट साखळीला. तिने जंगलतोडीचा वेगच बदलला. त्याच वर्षी स्वीडनच्या हुस्कवर्नाने आपली पहिली चेनसॉ आणली. हे १९५९ साल लक्षात ठेवा.

या मधल्या काळातली एक गोष्ट खास आपल्या शेतीवाल्यांसाठी. सुरुवातीच्या साखळीचे दात हातकरवतीसारखे होते. ते लाकूड ओरबाडायचे, लवकर बोथट व्हायचे. अमेरिकेत ओरेगॉन राज्यात जोसेफ कॉक्स नावाचा लाकूडतोड्या होता. १९४६ मध्ये त्याने एका बुंध्यात अळी पाहिली. लाकडाच्या रेषेसोबत म्हणा, आडवं म्हणा, ती सहज पोखरत चालली होती. तिचे जबडे डावा-उजवा असे आळीपाळीने चालतात हे त्याने पाहिलं आणि तसेच वाकडे दात साखळीला डावे-उजवे बसवले. १९४७ मध्ये त्या साखळीचा धंदा सुरू झाला. आजही कोणत्याही कटरची साखळी हातात घ्या, एक दात डावीकडे, एक उजवीकडे. आणि ती अळी कोण? लांब मिशांच्या भुंग्यांच्या कुळातली. आपल्या आंब्याचा भिरूड त्याच कुळातला! भोकात तार घालून ज्याला आपण शिव्या देत मारतो, त्याच्या चुलतभावाने जगाला कटर शिकवला.

असो. या सगळ्याचा उपयोग काय, तर मशीन कोणत्या काळाची ते ओळखता येतं. वय नीट ओळखलं तरच किंमत सांगता येते. मी काय बघतो ते सांगतो.

पहिलं, कार्बोरेटर. जुन्यात फ्लोट असायचा, मोटरसायकलसारखा. मशीन आडवी केली की इंजिन बंद. म्हणून त्या काळच्या कित्येक मशिनींत इंजिन उभं ठेवून फक्त पट्टी फिरवायची सोय दिसते. पडद्याचा कार्बोरेटर आल्यावर कशीही धरा, चालते. पट्टी फिरवायची सोय दिसली की मी दोनदा बघतो. दुसरं, मुठीजवळ रबर आहेत का. हादरे कमी करायची सोय १९६० च्या दशकाच्या मध्यानंतरची. त्याआधीच्या मशीनवर वर्षानुवर्षं काम करणाऱ्यांची बोटं पांढरी पडायची, मुंग्या कायमच्या राहायच्या. तिसरं, पुढच्या मुठीसमोरचा ब्रेक. पट्टीचं टोक अडून मशीन उसळली तर साखळी जागच्या जागी थांबवणारा ब्रेक श्टीलने १९७२ मध्ये आणला. ज्या मशीनला तो नाही ती मी चालू करतो ती जमिनीवर ठेवून, आवाज ऐकण्यापुरती. झाडाला लावत नाही. तुम्हीही लावू नका. खांद्याला, मानेला लागतं ते याच उसळण्याने. चौथं, पाटी. 'वेस्ट जर्मनी' लिहिलेलं असेल तर १९९० च्या आधीची, कारण त्या वर्षी दोन्ही जर्मनी एक झाल्या. साखळीवरून मात्र वय काढू नका. ती झिजते, बदलते. पन्नास वर्षांच्या मशीनला कालची साखळी असू शकते. आपल्या कोयत्याचं दांडकं जसं.

आता पाटीनेच मला कसं फसवलं ते सांगतो.

दुसरीच खरेदी होती. क्रॉफर्ड मार्केटच्या मागे, नागदेवीकडच्या गल्ल्यांत बेअरिंगपासून पंपापर्यंत सगळं मिळतं हे पंपवाल्या शेतकऱ्यांना सांगायला नको. तिथल्या कुठल्याशा गल्लीत एकाने मला श्टीलची ०७० दाखवली. ही कॉन्ट्राच्याच घराण्यातली, शंभर सीसीवरची मोठी मशीन, अनेक देशांच्या जंगलांत दशकानुदशकं चालली. मळकट, तेलकट, 'वेस्ट जर्मनी'ची पाटी. तो म्हणाला चौदा हजार, "पुराना पीस है." मी सुपारीचे आलेले पैसे दिले. अण्णांना विचारलंही नाही, घाई झाली होती. आठ दिवसांनी दुसऱ्या एका दुकानात तशीच मशीन दिसली. पाटी तशीच. नंबरही तोच. एका नंबरच्या दोन मशिनी कशा असतील?

घरी येऊन उघडली तेव्हा दिसलं. पाटीचे रिव्हेट नवे, ओतकामाच्या कडा खरखरीत, आणि धूळ फक्त बाहेर. फिनांच्या आत, जिथे वर्षानुवर्षांचा भुसा आणि तेल मिळून काळा थर बसलेला असायला हवा, तिथे स्वच्छ. या मॉडेलची नक्कल बाजारात मुबलक मिळते, नवी म्हणून ती निम्म्याहून कमी पैशांत आली असती. ती मी अजून भिंतीला ठेवली आहे, सातांतली एक, पहिल्याच खुंटीला. तेव्हापासून सायलेन्सर काढल्याशिवाय मशीन घेत नाही. सायलेन्सर काढला की पिस्टनची बाजू दिसते, उभे ओरखडे असले तर इंजिन खाल्लेलं. मग दोरीला धरून मशीन उचलून बघायची. दोरीसकट सरकन खाली आली तर दाब गेला, अडखळत हळूहळू उतरली तर दम आहे. स्क्रूची डोकी बघायची. झिजलेली डोकी म्हणजे आत अनेकांचे हात गेलेत. आणि नवा रंग दिला असेल तर मी तरी कमीच देतो. मूळ रंग अर्धा उडालेला असला तरी चालेल.

आमच्या किनाऱ्यावर अजून एक दुखणं आहे. जुन्या मशिनींचा सांगाडा बहुतेक मॅग्नेशियमच्या मिश्रधातूचा. हलका असतो म्हणून वापरला. खाऱ्या हवेत त्याला पांढरी बुरशी येते, नख लावलं की भुगा पडतो. रंगाखाली फोड दिसले तर समजायचं आतून गेलंय.

हे सगळं शिकलो तोवर मोठा मासा हातातून सुटला होता. ते दारूखान्यात.

मुंबईत जुन्या वस्तूंचे बाजार दोन तऱ्हेचे. एक चोरबाजार, मटण स्ट्रीट आणि आसपास. शुक्रवारी पहाटे तिथे रस्त्यावर पसारा मांडतात. तिथला माणूस वस्तूकडे नाही, तुमच्या तोंडाकडे बघून किंमत सांगतो. दारूखान्याचं उलट. तिथे जहाजं तोडतात, तिथला माणूस तोंडाकडे बघतच नाही, काट्याकडे बघतो. लोखंड, बीड, तांबं, पितळ, प्रत्येकाचा किलोचा भाव. अण्णा सांगतात, गिरण्या बंद पडल्यावर त्यांनी माग असेच जाताना पाहिले. कित्येक गिरण्यांतली यंत्रं इंग्लंडमधल्या ओल्डहॅमच्या प्लॅट ब्रदर्सची, शंभर-शंभर वर्षं तेलपाण्यावर जपलेली. बिडाला घण मारला की ते काचेसारखं फुटतं. फोडून टेम्पोत. ज्या मागाचा आवाज ऐकून कोणता धागा तुटला ते सांगणारी माणसं होती, तो माग किलोवर गेला. अण्णा हे सांगताना रागावत नाहीत. फक्त म्हणतात, "एकदा काट्यावर चढलं की ते मशीन नसतं रे."

२०२२ च्या जूनअखेरीस मी दारूखान्यात पंपासाठी एक पुली शोधत होतो. एका गाळ्यात, दोरखंडाच्या ढिगाखाली, मोठी राखाडी मशीन. पट्टी नव्हती, साखळी नव्हती. गाळेवाला आमच्याच म्हसळ्याकडचा निघाला. गावाचं नाव निघताच चहा आला.

मी विचारलं, "भाई, हे काय आहे?"

"काय ते माहीत नाही. जर्मन आहे सगळं. बारा-तेरा किलो भरेल."

आमच्याकडे ॲल्युमिनियमला जर्मन म्हणतात, जर्मनची पातेली, जर्मनचा टोप. तो धातूचं बोलत होता. भंगारात दीड-दोन हजाराचा माल. पण गिऱ्हाईक घुटमळतंय हे त्याने पाहिलं आणि साडेचार हजार म्हणाला. मी अडीच म्हणालो. तो तीन हजार आठशेवर आला. खिशात पैसे होते, पण त्यात खताचे पैसे होते. आणि चौदा हजारांची जखम ताजी होती. मी हसून म्हणालो, "जर्मनच्या भावात द्या, भाई." तोही हसला. फोटो काढून मी निघालो.

एसटीत बसल्यावर फोटो मोठा करून पाहिला. कव्हरवर तेलाखाली अक्षरं होती. क, ओ... पेण येईपर्यंत लागली. कॉन्ट्रा. १९५९ ची ती जात. तो खरंच जर्मन होता.

परत फिरावं असं वाटलं. पण पाऊस लागला होता, रोपं तयार होती, लावणीची माणसं दुसऱ्या दिवसापासून ठरलेली. या दिवसांत माणसं एकदा हुकली की गेली, हे तुम्हाला सांगायला नको. गाळेवाल्याचा नंबर घेतला नव्हता. अण्णांना फोन केला, पण त्यांचा गुडघा तेव्हा धरलेला, जिना उतरणंही कठीण. म्हटलं, आठवडाभराने जाऊ, भंगार कुठे पळतंय.

लावणीला सोळा दिवस लागले. सतराव्या दिवशी दारूखान्यात गेलो तर ढीग नव्हता. गाळेवाला म्हणाला, "अहो, तुम्ही आला नाहीत. परवा जर्मनची गाडी भरली." मशीन फोडून, पोलाद वेगळं काढून, बाकी सगळं पातेली आणि जुन्या खिडक्यांच्या पट्ट्यांबरोबर गेलं होतं. त्याची चूक नाही. त्याने मला त्याचा भाव सांगितला होता. मलाच माझा ठाऊक नव्हता.

मग किंमत ठरवायची कशी? आपल्याकडे या मशिनींचा ठरलेला बाजार नाही. मी तीन आकडे कागदावर लिहितो. पहिला, काट्यावरचा, म्हणजे धातूचा भाव. याच्या खाली कोणी देणार नाही. दुसरा, आज कामाला लावली तर किती, म्हणजे तेवढ्याच ताकदीची वापरलेली मशीन कितीला मिळते. फार जुनीला हा आकडा जवळजवळ शून्य, कारण सुटे भाग नाहीत आणि ब्रेक नाही. तिसरा आकडा त्या सालाचा. या मशीनमध्ये पहिल्यांदा काय आलं? अख्खी आहे का? पाटी मूळ आहे का? कोणी वापरली हे सांगणारा माणूस आहे का? हा तिसरा आकडा दुकानदार सांगू शकत नाही, तो घेणाऱ्याने घरून घेऊन जायचा. माझा नियम असा की तिसरा आकडा एका फवारणीच्या खर्चाच्या वर जाऊ द्यायचा नाही. कॉन्ट्रासाठी मोडला असता.

सातांत सगळ्यात कमी पैसे मोजले ते दापोलीकडच्या एका म्हाताऱ्या ठेकेदाराच्या मशीनला. काहीच दिलं नाही. तो म्हणाला, "माझ्या मागे पोरं भंगारात घालतील, त्यापेक्षा तुम्ही न्या." वर त्याने तासभर बसून कुठल्या रानात काय तोडलं ते सांगितलं. ते सगळं मी वहीत लिहून मशीनला बांधून ठेवलंय. सगळंच ऐकायला बरं वाटेल असं नाही. देवराईला लागून असलेले ऐन पण त्यात आहेत.

आणि दारूखान्याचं राहिलंच. त्या दिवशी मी रिकाम्या हाताने निघालो तर गाळेवाल्याने हाक मारली. बाकड्याखालून एक कव्हर काढलं, साखळीच्या बाजूचं. गाडी भरताना खाली पडलेलं. तेच, अक्षरंवालं. मी म्हटलं, काट्यावर ठेवा. तो म्हणाला, "नको, तुम्हाला पायजे होतं ना ते." तीनशे रुपये घेतले. वजनावर नाही, नगावर.

आठव्या खुंटीला ते टांगलंय. पाऊस उघडला की उद्या वाडीत पाट मोकळे करायचेत, दोन ठिकाणी पाणी तुंबलंय.